आहेराची वही आणि निःस्वार्थ प्रेम

खानदेशात लग्नसराई सुरू झाली की नरडाण्यासारख्या गावात मांडवात आहेराची वही उघडली जाते. कोणी किती रुपये दिले, कोणी कापड आणले, हे तीत लिहून ठेवतात. पुढे त्यांच्या घरी कार्य निघाले की त्याची परतफेड करावयाची असते. या प्रथेत गैर काही नाही. अडल्या घराचे कार्य तिच्यामुळे पार पडते. परंतु हीच वही आपण मनात उघडून बसलो की नाती सुकू लागतात. मी आजारी होते तेव्हा जाऊ आली नाही. वडिलांच्या औषधपाण्याचा खर्च मी एकट्याने केला. अशा नोंदी वर्षानुवर्षे जपल्या जातात आणि शेताला शेत लागून असलेले दोन सख्खे भाऊ एकमेकांशी बोलेनासे होतात.

करिंथ येथील ख्रिस्तमंडळीत तट पडले होते. त्यांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात संत पौल सांगतात की, प्रेम अपकारांची नोंद ठेवीत नाही. तेथील मूळ ग्रीक क्रियापद हिशेबाच्या व्यवहारातले आहे. त्याचा अर्थ खात्यावर मांडणे. संत लूकच्या शुभवर्तमानात (अध्याय १४) प्रभू येशूही हेच शिकवितात: जे परत बोलावतील त्यांना नव्हे, तर ज्यांना फेड करता येत नाही अशा गरिबांना व अपंगांना मेजवानीस बोलवा. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २५ डिसेंबर २००५ रोजीच्या आपल्या पहिल्या विश्वपत्रात स्पष्ट केले की, प्रेम ही केवळ भावना नव्हे. देवाने आपल्यावर प्रथम प्रेम केले, म्हणूनच प्रेमाची आज्ञा आपल्याला पाळता येते.

असे प्रेम आपल्या परिसराने पाहिले आहे. नरडाण्याहून भुसावळकडे जाणाऱ्या लोहमार्गावर अमळनेर आहे. तेथील प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ साली साने गुरुजी शिक्षक झाले. पुढे छात्रालयाची जबाबदारी आली, तेव्हा ते मुलांच्या खोल्या स्वतः झाडीत, त्यांचे कपडे नीट ठेवीत, आजारी मुलांची शुश्रूषा करीत. गुरुजी ख्रिस्ती नव्हते. तथापि शिष्यांचे पाय धुणाऱ्या प्रभूचे स्मरण आम्हांला येथे झाल्यावाचून राहत नाही.

मात्र निःस्वार्थ प्रेम म्हणजे मारहाण निमूटपणे सोसणे नव्हे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी कुटुंबातील प्रेमाविषयीच्या २०१६ च्या पत्रात बजावले आहे की, सहनशीलता म्हणजे सतत छळ होऊ देणे नव्हे. छळ होत असलेल्या भगिनीला 'सहन कर' असे सांगणे हे प्रेम नाही. तिला आसरा देणे आणि कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणाऱ्या २००५ च्या कायद्याची मदत मिळवून देणे, हे प्रेम आहे.

मग आपण आरंभ कोठून करावा? घरापासूनच. अंथरुणाला खिळलेल्या सासूची सेवा बोलून न दाखविता करावी. आखाजीला माहेरी आलेल्या बहिणीने काय आणले, हे पाहू नये. भावाशी अबोला असेल तर त्याच्या दारी आपण आधी जावे. वेदीवर अर्पण आणण्यापूर्वी बंधूशी समेट करा, असे प्रभूनेच सांगितले आहे. येत्या रविवारच्या मिस्सापूर्वी मनातील वहीतली एक तरी नोंद आपण खोडू या. आपल्या अपराधांची वही प्रभूने उघडून ठेवली असती, तर आपल्यापैकी कोण त्याच्यासमोर उभा राहू शकला असता?