कोकणच्या पावसात टिकणारं खुराडं

आखाडात गावठी कोंबड्याला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही, ते आपल्या पायाने दारात येतं. श्रावण लागण्याआधीच्या त्या दिवसांत जो भाव मिळतो तो पुढे बरेच दिवस मिळत नाही. आपल्या कोकणातली अडचण एवढीच, की मृग आधी येतो आणि आखाड मागून. मे महिन्यात अंगणात टुणटुणीत फिरणाऱ्या कोंबड्यांपैकी चार-पाच पहिल्या पावसातच जातात आणि गटाच्या बैठकीत तेच ऐकू येतं, "ताई, विकायच्या टायमालाच मेल्या. आता हप्ता कुठनं भरू?"

कशाने मेल्या विचारलं तर उत्तर ठरलेलं: गारठ्याने. म्हणून पुढच्या वर्षी खुराडं आणखी बंद होतं. चारी बाजूंनी फळ्या, वर पत्रा, फटीत पोती, त्यावरून निळं प्लास्टिक गुंडाळलेलं. आणि त्या वर्षी आणखी मरतात.

मैत्रिणींनो, किनारपट्टीला जुलैच्या रात्रीसुद्धा पारा सहसा २३-२४ अंशांच्या खाली जात नाही. कोंबडीच्या अंगाची ऊब ४१ अंशांच्या आसपास, वर पिसांची गोधडी. पिसं कोरडी असतील तर मोठ्या कोंबडीला आपल्याकडचा गारठा काही करत नाही. तिला मारते ती ओल आणि कोंडलेली हवा. (पिल्लांची गोष्ट वेगळी. पहिले चार-पाच आठवडे त्यांना आईची नाहीतर बल्बची ऊब लागतेच.)

हे कसं होतं ते नीट समजून घेऊ, कारण खुराड्याची सगळी रचना त्यावरच ठरते. कोंबडीला घाम येत नाही. अंगातली उष्णता ती चोच उघडून, धापा टाकून बाहेर सोडते. हवा दमट असली की धापेचा उपयोग कमी होतो, जसे आपले कपडे पावसात वाळत नाहीत तसंच. शिवाय एक मोठी कोंबडी दिवसाला शंभर ग्रॅमच्या वरच विष्ठा टाकते आणि तिच्यात पाऊण हिस्सा पाणी असतं. दहा कोंबड्या म्हणजे रोजची किलोभर ओली घाण. त्यातली बरीचशी रात्री, बंद दाराआड. हे पाणी जाणार कुठे? पत्र्याला खालून घाम सुटतो, तो ठिबकतो, तूस भिजतं, विष्ठा आंबते आणि डोळ्यांना झोंबणारा वायू सुटतो. त्याने कोंबडीचे डोळे आणि श्वासनळी चुरचुरते, मग साधी सर्दीही जिवावर बेतते. पहाटे खुराडं उघडताना खाली बसा, कोंबडीच्या उंचीवर नाक न्या. आपल्याच नाकाला झोंबलं तर ती रात्रभर कशात होती ते कळेल.

दुसरं, रक्ती हगवण. या रोगाची अंडी विष्ठेतून पडतात, पण पडल्याबरोबर ती रोग देत नाहीत. ऊब आणि ओल मिळाली की दीड-दोन दिवसांत ती तयार होतात आणि मग टोचणाऱ्या पिल्लाच्या पोटात जातात. म्हणजे कोंबडी आणि तिची विष्ठा एकमेकींपासून लांब ठेवली, किंवा विष्ठा कोरडी ठेवली, तर अर्धं काम झालं. आपल्याकडे पावसात काही कोरडं राहत नाही, म्हणून लांब ठेवणं हाच उपाय. यासाठीच जमिनीवर तूस पसरून केलेल्या खुराड्यापेक्षा उचललेल्या तळाचं खुराडं कोकणात बरं. देशावर तूस चालतं, तिथली हवा कोरडी आहे.

जागा आणि तोंड

पाणी साचत नाही अशी उंचवट्याची जागा घ्या. नसेल तर चिऱ्याचे तुकडे आणि माती टाकून वीतभर उंच करा, भोवती चर काढा. माडाखाली खुराडं कधीच नको. नारळ पडला तर पत्रा जातो, कोंबडीही जाते. फणस-आंब्याच्या थेट खालीही नको, पाऊस थांबला तरी झाड तासभर गळत राहतं. झाड पश्चिमेला आठ-दहा फुटांवर असलं तर उत्तम, दुपारनंतरचं ऊन अडतं.

लांबी पूर्व-पश्चिम ठेवायची. मे महिन्यात दुपारचा सूर्य आपल्या डोक्यावर असतो, सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून येतं. त्या दोन बाजू आखूड असल्या की ऊन कमी शिरतं. पावसाचं वारं मात्र नैऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येतं. म्हणून पश्चिमेची आखूड बाजू पूर्ण बंद करायची, कुडाची किंवा फळ्यांची. दक्षिणेची लांब बाजू खाली दीड फूट बंद, वर जाळी. उत्तर आणि पूर्व दोन्ही बाजूंना नुसती जाळी. "एवढं उघडं?" असं सासूबाई विचारतील. हो, एवढं उघडं.

माप

दहा कोंबड्या आणि एक कोंबडा, दिवसभर मोकळे फिरणारे, यांना रात्रीपुरतं ६ फूट लांब आणि ४ फूट रुंद खुराडं पुरतं. प्रत्येकाला दोन चौरस फूट येतात. वनराजा, गिरिराज अशी अंगाने जड जात असेल तर त्यात आठ-नऊच ठेवा. रुंदी ४ फुटांपेक्षा वाढवू नका. झाडताना, अंडं उचलताना, आजारी कोंबडी धरताना आपला हात मागच्या कोपऱ्यापर्यंत पोहोचला पाहिजे. ज्या कोपऱ्यात हात पोहोचत नाही तो कोपरा कधी साफ होत नाही, हे स्वयंपाकघरातल्या मांडणीवरून आपल्याला ठाऊक आहेच.

तळ जमिनीपासून अडीच फूट वर. उभे खांब सहा. खांब थेट मातीत पुरला तर दोन-तीन पावसाळ्यांत बुडाशी कुजतो, म्हणून तळाला जुन्या पाइपाचा तुकडा नाहीतर तेलाचा डबा ठेवून त्यात सिमेंट-खडी भरा आणि खांब त्यात उभा करा. बांबू वापरायचा तर आपला माणगा चांगला, भरीव असतो. तीन-चार वर्षांचा जून बांबू घ्या, कोवळा नको. तोडल्यावर ओहोळात दोन-तीन आठवडे बुडवून ठेवा आणि सावलीत वाळवा. त्यातला गोड अंश पाण्यात निघून गेला की भुंगेरा कमी लागतो, नाहीतर वर्षभरात बांबूचं पीठ खाली पडायला लागतं. जुनी माणसं बांबू अंधाऱ्या पंधरवड्यात तोडायला सांगतात. त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही, पण भिजवणं मात्र चुकवू नका.

तळाला चिरलेल्या बांबूच्या कांब्या, गुळगुळीत पाठ वर करून. दोन कांब्यांमध्ये पाऊण इंच फट. फट कमी असेल तर विष्ठा वरच थापते, जास्त असेल तर पाय अडकून मोडतो. पिल्लांना या तळावर सोडू नका, त्यांना आईबरोबर डालग्याखाली कोरड्या जागी ठेवा.

खाली जे पडतं ते सोनं आहे, पण तिथे कोंबडी गेली तर सगळी मेहनत वाया. म्हणून तळाखालची जागा चारी बाजूंनी जाळीने किंवा कांब्यांनी बंद करा, एका बाजूला काढता येईल अशी झडप ठेवा. खाली भाताचं तूस किंवा सुका पाचोळा पसरा आणि पावसाळ्यात दर आठवड्याला ओढून खतखड्ड्यात टाका. ताजं खत परसबागेत थेट घालू नका, रोपं जळतात. वास येतो म्हणून ओल्या विष्ठेवर चुना टाकण्याची पद्धत आहे. तिने उलट वास भडकतो, कारण चुन्यामुळे तो झोंबणारा वायू जास्त सुटतो. चुना खांबांना लावा, विष्ठेला सुकं तूस.

छप्पर

छपरावर पैसे आणि डोकं दोन्ही खर्च करावं. एकाच उताराचं छप्पर करा. दक्षिणेकडे तळापासून ३ फूट, उत्तरेकडे साडेचार फूट. दक्षिणेकडची वळचण भिंतीच्या ३ फूट बाहेर, बाकी बाजूंना २ फूट. पावसाचा मारा खाली उतरलेल्या वळचणीवर बसतो आणि आतली गरम हवा उत्तरेच्या उंच बाजूने वर निघून जाते. भिंत आणि छप्पर यांच्यामध्ये वीतभर जागा मोकळी सोडून तिला जाळी मारा. हे माप धरलं तर १० फुटी चार पत्रे एकमेकांवर थोडे चढवून बरोबर बसतात. एवढी मोठी वळचण वाऱ्याने उचलली जाते, म्हणून खांबापासून तिरपे टेके द्या आणि पत्रा वाशांना हुकाने आवळा, नुसत्या खिळ्यांवर भरवसा ठेवू नका.

घरावरची जुनी कौलं उतरवलेली असतील तर ती पत्र्यापेक्षा कितीतरी थंड. पत्राच असेल तर मार्चमध्ये वरून चुन्याचा पांढरा हात द्या आणि माडाच्या झावळ्या टाका. मृगाआधी झावळ्या काढा.

आणि ते निळं प्लास्टिक? झड लागली की दक्षिणेच्या जाळीला ते चिकटवून बांधलं जातं आणि सगळी हवा बंद होते. त्याऐवजी झावळ्यांचं झाप विणून वळचणीच्या काठाला बाहेर तिरकं टांगा, पडवीला झड बांधतो तसं. पाऊस अडतो, वारा बाजूने फिरतो.

मुंगसाची भीती

खुराडं बंद करण्यामागचं खरं कारण बहुतेक ठिकाणी पाऊस नसतो, मुंगूस आणि रानमांजर असतं. ही भीती खरी आहे. पण जनावर अडवायला फळी लागत नाही, जाळी लागते, आणि ती योग्य जाळी. बाजारात स्वस्त मिळणारी षटकोनी कोंबडी-जाळी कोंबडीला आत ठेवते, जनावराला बाहेर ठेवत नाही. कुत्रा ती फाडतो, उंदीर आरपार जातो. खालचे दोन फूट तरी अर्ध्या इंचाची वेल्डची जाळी लावा, म्हणजे उंदीर आणि बहुतेक साप अडतात. वर स्वस्त जाळी चालेल. जाळीवर लाकडी पट्टी ठेवून खिळे मारा. कडीला तारेचा आकडा अडकवा. बाकी सगळं परसात मिळतं, तेव्हा गटाकडून अंतर्गत कर्ज काढायचं तर ते जाळी आणि पत्र्यासाठी काढा.

आतल्या बसायच्या दांड्या दोन इंच जाडीच्या, कडा घासून गोल केलेल्या. प्रत्येक कोंबडीला आठ इंच धरा, म्हणजे सहा फुटी दोन दांड्या पुरतात. दोन्ही एकाच उंचीवर, तळापासून फूटभर वर. एक वर एक खाली ठेवली तर सगळ्यांना वरच बसायचं असतं आणि रोज संध्याकाळी भांडण. दांड्या काढता येतील अशा नुसत्या खाचेत बसवा, उघडीप मिळाली की उन्हात टाका, सांध्यातल्या गोचिड-पिसवा पळतात. अंड्यांसाठी चार-पाच कोंबड्यांमागे एक टोपली अंधाऱ्या पश्चिम कोपऱ्यात, दांडीपेक्षा खाली ठेवा. ती उंच असली तर कोंबड्या तिच्यातच झोपतात.

खुराडं कितीही चांगलं असलं तरी मानमोडी, म्हणजे राणीखेत, त्याने थांबत नाही. पिल्लांना पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा आणि आठव्या आठवड्यात आर-टू-बी ही लस द्यावीच लागते. लस बर्फात आणावी लागते, एकेकटीला ते जड जातं, म्हणून वाडीतल्या सगळ्यांच्या कोंबड्या मोजून पशुसखीताईंना मे महिन्यातच आकडा द्या.

खुराडं बांधून झालं की आगोटीच्या कामांत एक काम आणखी धरा. दोन बादल्या पाणी पश्चिमेकडून आणि दक्षिणेकडून जोरात मारा, मग आत हात घालून दांड्या चाचपा. दांडी ओली लागली तर त्या बाजूची वळचण कमी पडतेय, तिथे झाप वाढवा आणि पुन्हा पाणी मारून बघा.