जॉब टेबलावर ठेवा

चिपळूणहून कराडकडे निघालेला रस्ता कुंभार्ली घाट चढायला लागण्याआधी पोफळी लागते. कोयनेच्या जलाशयातले पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्याने पश्चिमेला आणून इथल्या भूमिगत वीजगृहात सोडले आहे. पहिल्या टप्प्याची वीज १९६२ मध्ये निघू लागली, आणि आज कोयना प्रकल्पाची एकूण क्षमता १,९६० मेगावॉट भरते. हे आकडे स्पर्धा परीक्षेची पोरे पाठ करतात. टर्बाइनचे बेअरिंग बघणारा फिटर, पॅनेलवर हात चालवणारा इलेक्ट्रिशियन, गळती सांधणारा वेल्डर मात्र कुठल्याच पुस्तकात येत नाही. पोफळी, शिरगाव, अलोरे या पट्ट्यात हाताच्या कामाला मान आहे तो पगारामुळे, आणि त्यात वावगे काहीच नाही. थोडे खाली उतरले की खडपोली आणि खेर्डीच्या औद्योगिक वसाहती, पलीकडे खेड तालुक्यात लोटे-परशुरामचे रासायनिक कारखाने. या सगळ्यांना लागणारा कारागीर सरकारी आयटीआयमधून येतो तसा खासगी संस्थांमधूनही येतो. महाराष्ट्रातल्या आयटीआय आता हजाराच्या घरात आहेत आणि त्यांतल्या निम्म्याहून जास्त खासगी आहेत. देशात साडेचौदा हजारांवर आयटीआय असून त्यांतल्या अकरा हजारांच्या आसपास खासगी आहेत. टंकलेखन संस्था, एमएस-सीआयटी केंद्रे, कला महाविद्यालये, नर्सिंगचे वर्ग यांची गणती वेगळीच. म्हणजे दहावीनंतर पोट भरण्याची विद्या शिकायची तर बहुसंख्य मुलांची गाठ खासगी संस्थेशीच पडते.

एवढ्या मोठ्या पसाऱ्यात चांगले काम करणारी संस्था कोणती, हे ओळखण्याची आपली रीत मोठी गमतीची आहे. शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह, ‘आदर्श संस्था’ असे लिहिलेली फ्रेम, आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात संस्थाचालकांचा फोटो. पुरस्कार देणाऱ्याने नेमके काय तपासले, हे बातमीत कधी नसते. काही सोहळ्यांत प्रवेशशुल्क, टेबलाचे पैसे आणि स्मरणिकेतली जाहिरात मिळून पुरस्काराची किंमत पुरस्कारार्थीच भरतो, हे या क्षेत्रातल्या कोणालाही ठाऊक असते. त्यामुळे जी संस्था खरोखर चांगली आहे तिच्या भिंतीवरची फ्रेम आणि जी केवळ फ्रेमच लावून आहे तिची फ्रेम, या दोन्ही पालकाला सारख्याच दिसतात. माझे म्हणणे इतकेच, की गौरव संस्थेच्या नावाचा होतो तोवर हे असेच चालणार. विद्यार्थ्याने केलेले काम चार संस्थांच्या कामाशेजारी मांडायचे, ते परक्या जाणत्याने तपासायचे, आणि जो काही गौरव करायचा तो त्या कामाला चिकटवायचा. संस्थांमधला एकोपाही बहुतेक अशाच मांडणीतून उभा राहतो, स्नेहभोजनातून नाही.

याचा पुरावा दूर शोधायला नको. महाराष्ट्रात खासगी व्यवसाय-शिक्षणाचे जुने आणि खेडोपाडी पोचलेले जाळे म्हणजे टंकलेखन संस्था. एका खोलीत आठ-दहा यंत्रे, तासाच्या बॅचेस, भिंतीवर बोटांचा तक्ता. इतकी लहान संस्था स्वतःच्या जोरावर कसली प्रतिष्ठा मिळवणार? पण राज्य परीक्षा परिषदेची शासकीय वाणिज्य प्रमाणपत्र परीक्षा सर्वांना एकच होती. मराठी ३०, इंग्रजी ४० हे शब्द मिनिटाला पडले की पडले. चिपळूणच्या मुलीने मारलेले असोत की पुण्याच्या मुलीने मारलेले, मोजमाप एकच. लिपिकाच्या जाहिरातीत तीच अट असे, म्हणून त्या कागदाला बाजारात वजन होते. आणि परीक्षा एक असल्यामुळेच संस्थाचालकांना एकमेकांशी बोलावे लागे. केंद्र कुठे, यंत्रे कोणाची, पर्यवेक्षक कोण, निकालाची तक्रार कोणाकडे, या कटकटींतून त्यांच्या जिल्हा संघटना आणि राज्य संघटना उभ्या राहिल्या. २०१७ मध्ये यंत्रावरची परीक्षा शेवटची झाली आणि सगळा कारभार संगणकावर गेला, तेव्हा या लहान लहान दुकानांपैकी कित्येकांनी ते वळण पार केले ते एकट्याने नव्हे. डमी उमेदवार बसवल्याच्या तक्रारी या परीक्षेतही झाल्या आहेत, हे झाकण्यात अर्थ नाही. पण डमी बसवावासा वाटतो तो त्या प्रमाणपत्राला किंमत असते म्हणूनच. पैसे भरून मिळणाऱ्या ‘आदर्श’ फ्रेमसाठी डमी बसवायची वेळ अजून कोणावर आलेली नाही. एमकेसीएलचे उदाहरण याच जातीचे: २००१ मध्ये कंपनी निघाली, पुढच्या वर्षी एमएस-सीआयटी आली, आणि गावोगावच्या खासगी केंद्रांतून कोटीहून अधिक लोक संगणक शिकले. केंद्र तालुक्याच्या एसटी स्टँडामागे असो की मुंबईत, अभ्यासक्रम आणि परीक्षा एकच.

आता अगदी वेगळ्या वाटेचे उदाहरण. पोफळीच्याच तालुक्यात, मुंबई-गोवा महामार्गावर, सावर्डे इथे गोविंदराव निकम यांच्या सह्याद्री शिक्षण संस्थेचे कला महाविद्यालय आहे, सह्याद्री स्कूल ऑफ आर्ट. कोकणातल्या एका गावातल्या खासगी संस्थेतले चित्र-शिल्पाचे शिक्षण कसे आहे, हे सर ज. जी.च्या परंपरेत वाढलेल्या मुंबईकराने कशावरून ठरवायचे? कला संचालनालयाच्या महाराष्ट्र राज्य कला प्रदर्शनात विद्यार्थ्यांचा वेगळा विभाग असतो. राज्यभरातल्या सरकारी आणि खासगी महाविद्यालयांतली कामे तिथे एका छताखाली लागतात आणि कामाखाली विद्यार्थ्याचे व महाविद्यालयाचे नाव असते. बक्षीस मिळो न मिळो, बघणारा जाणकार व्यक्तिचित्रातला हात कसा काढला आहे ते बघतो, मातीकामातले वजन बघतो, आणि मग खालचे नाव वाचतो. क्रम महत्त्वाचा: आधी काम, मग नाव. शिक्षकही तिथेच एकमेकांना भेटतात आणि दुसऱ्याच्या विद्यार्थ्याचे काम बघून आपल्या वर्गात काय कमी पडते आहे हे मनाशी धरून परततात. परीक्षकांच्या आवडीनिवडी, गटबाजी, ‘यंदा अमुक विभागाला’ अशी कुजबुज, हे सगळे तिथेही असणारच. पण चित्र भिंतीवर असते, त्यामुळे निकाल चुकला तर तो चुकला हे चारचौघांना दिसते.

आयटीआयच्या बाबतीत हीच सोय नाही, आणि त्याची किंमत मोठी पडली आहे. देशात २००७ च्या सुमारास दोन हजारांहून कमी असलेल्या खासगी आयटीआय दहा वर्षांत अकरा हजारांवर गेल्या. संसदेच्या श्रमविषयक स्थायी समितीने २०१८ मध्ये या वाढीवर कडक ताशेरे ओढले. निकष धाब्यावर बसवून मान्यता दिल्या गेल्या, असा त्यांचा मथितार्थ. म्हणजे कागदावर वर्कशॉप आहे, लेथ आहे, शिल्प निदेशक म्हणजे काम शिकवणारा शिक्षक आहे, आणि प्रत्यक्षात कुलूप आहे. या बदनामीत ज्यांच्या वर्कशॉपमध्ये खरोखर कानस चालते त्या संस्थाही भरडल्या गेल्या. बदनामी सर्वांच्या वाट्याला आली, तिला उत्तर द्यायला मात्र प्रत्येकाकडे स्वतःचे माहितीपत्रक तेवढे होते. इथे कोणी म्हणेल, मग संस्थांनीच संघ करावा, संघाने चांगल्यांना प्रमाणित करावे. हा उपाय अमेरिकेत करून झाला आहे. तिथल्या खासगी करिअर महाविद्यालयांना मान्यता देणाऱ्या एसीआयसीएस या मंडळाने कोरिंथियन कॉलेजेसची मान्यता शेवटपर्यंत कायम ठेवली. २०१५ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीत गेली आणि हजारो विद्यार्थी डोक्यावर कर्ज घेऊन रस्त्यावर आले. पुढच्या वर्षी त्याच मंडळाची मान्यता असलेल्या आयटीटी टेक्निकल इन्स्टिट्यूटने दारे लावली, आणि त्याच वर्षाअखेर सरकारने मंडळाचाच दर्जा काढून घेतला. ज्यांच्या वर्गणीवर मंडळ चालते त्यांनाच ते नापास करील, ही अपेक्षा भाबडी होती. म्हणून एकोपा संस्थांचा असावा, पण तपासणारी नजर बाहेरची हवी.

ही नजर चिपळूण-खेडच्या पट्ट्यात उपलब्ध आहे, हेच इथले भाग्य. फिटरचे काम शिकणाऱ्या मुलाचा साधा जॉब, म्हणजे वर्कशॉपमध्ये हाताने करायचा नमुना, घ्या. लोखंडी पट्टीचे दोन तुकडे. एकाला बाहेर आलेला चौकोन, दुसऱ्याला त्याच मापाची खाच. मार्किंग करायचे, पंच मारायचा, हॅक्सॉने जादा भाग काढायचा, आधी जाड कानस, मग बारीक, आणि मधेमधे गुण्या लावून काटकोन बघायचा. शेवटी दोन्ही तुकडे एकमेकांत बसवून उजेडाकडे धरायचे. फटीतून उजेड आला की समजायचे, कुठेतरी हात घसरला आहे. व्हर्नियर लावले की किती घसरला तेही कळते, मिलिमीटरच्या शतांशांत. हा जॉब खोटे बोलू शकत नाही आणि त्याला मार्क द्यायला पीएच.डी. लागत नाही, वीस वर्षे वर्कशॉपमध्ये काढलेला फोरमन तो हातात घेऊन अर्ध्या मिनिटात सांगेल. प्रात्यक्षिक परीक्षेत असे जॉब होतातच. पण परीक्षक बघतो, गुण भरतो, आणि जॉब बहुधा भंगारात जातो. शेजारच्या संस्थेच्या निदेशकाला तो कधी दिसत नाही, नोकरी देणाऱ्याला तर नाहीच. चिपळूण, खेड, गुहागर, संगमेश्वर या चार तालुक्यांतल्या सरकारी-खासगी संस्थांनी वर्षातून एक दिवस फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन, वायरमन या चारच व्यवसायांचे जॉब एका सभागृहात टेबलांवर मांडले, जॉबवर नावाऐवजी क्रमांक टाकला, आणि वीजगृहातले, लोट्याचे, खेर्डीचे जाणते लोक तपासायला बोलावले, तर याला लागणारा खर्च एका पुरस्कार सोहळ्याच्या हॉलभाड्याहून कमी असेल.

यावर पहिला आक्षेप येईल, की सरकार हे करतेच. २०२२ पासून विश्वकर्मा जयंतीच्या सुमारास कौशल दीक्षांत समारंभ होतात, देशपातळीवरच्या अव्वल विद्यार्थ्यांचा दिल्लीत सत्कार होतो. चांगलेच आहे. पण अव्वल एकच असतो, आणि त्याच्यावरून तो जिथे शिकला तिथल्या उरलेल्या वीस जणांविषयी काही कळत नाही. या बाबतीत वर्ल्डस्किल्स या जागतिक स्पर्धेची पद्धत शिकण्यासारखी आहे. तिथे सुवर्ण, रौप्य, कांस्य ही पदके आहेतच. शिवाय ७०० गुणांची एक रेषा आखलेली असते आणि पदक हुकलेल्यांपैकी ती ओलांडणाऱ्या प्रत्येकाला उत्कृष्टतेचे पदचिन्ह मिळते. २०२४ मध्ये लिआँ इथे भारताला ४ कांस्य मिळाली आणि अशी १२ पदचिन्हे. बातमी चारांची झाली. पण देशात त्या त्या कामाचे शिक्षण कुठवर आले आहे हे बाराचा आकडा जास्त सांगतो. तालुक्याच्या टेबलावरही पहिला-दुसरा-तिसरा काढण्यापेक्षा एक रेषा ठरवावी आणि ती ओलांडणाऱ्या सर्वांची नावे जाहीर करावीत. एखाद्या संस्थेच्या वीसपैकी चौदा मुलांनी रेषा ओलांडली, तर पालकाला दुसरी कुठली फ्रेम बघायची गरज नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. जागा रिकाम्या राहतात, दोन संस्था एकाच गावातल्या त्याच मुलांच्या मागे धावतात, अशा वेळी प्रतिस्पर्ध्याच्या शेजारी आपले काम कोण मांडेल? शिवाय ज्याच्याकडे आठवी पास मुले वेल्डिंगला येतात त्याने आणि ज्याच्याकडे दहावीला सत्तर टक्के मिळवलेली मुले इलेक्ट्रिशियनला येतात त्याने एकाच मापाने का मोजून घ्यावे? दुसऱ्या भागाला उत्तर सोपे आहे: व्यवसायवार तुलना करा, वेल्डिंगची वेल्डिंगशी. वेल्डची शिवण कोणाच्या दहावीचे गुण विचारत नाही. पहिल्या भागाला मात्र सरळ उत्तर नाही. कमकुवत संस्था येणार नाहीत, हे गृहीतच धरायला हवे. आणि न येणे हीसुद्धा पालकाला मिळालेली माहिती असेल. मध्यम संस्था सुरुवातीला बिचकतील. त्यांना ओढून आणणारी गोष्ट गौरव नसून गरज असेल. एका संस्थेकडे चालू लेथ आहे पण निदेशक सोडून गेला, दुसरीकडे निदेशक आहे पण वेल्डिंगचे मशीन बंद पडले, हे दुखणे सगळ्यांचे आहे. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीच्या पुराने चिपळूणची बाजारपेठ बुडाली, तेव्हा घरोघरचे मीटर, मोटारी, फ्रिज, वायरिंग एकदम नादुरुस्त झाले होते. अशा दिवशी कोणत्या संस्थेत किती मुले प्लगपासून मोटारीपर्यंत काय काय दुरुस्त करू शकतात, याची यादी कोणाच्या तरी खिशात असणे किती उपयोगाचे, हे चिपळूणकरांना समजावून सांगायला नको. ती यादी टेबलावर जॉब मांडणाऱ्या संस्थांकडूनच निघेल, कारण एकमेकांची मुले काय करू शकतात हे त्यांनीच पाहिलेले असेल.

राहता राहिला शिल्प निदेशक. पुरस्कार घ्यायला व्यासपीठावर जातात ते अध्यक्ष आणि प्राचार्य. मुलाच्या हातात कानस कशी धरायची हे दाखवणारा माणूस, खासगी संस्थेत बहुधा तुटपुंज्या आणि अनेकदा कंत्राटी पगारावरचा, खाली खुर्च्या लावत असतो. या सगळ्या खटाटोपाचा खरा फायदा व्हायचा तर तो त्याला व्हायला हवा. निकालाच्या यादीत मुलाच्या नावापुढे संस्थेच्या आधी निदेशकाचे नाव छापावे. संस्थाचालक कुरकुरतील, कारण नाव झालेला निदेशक शेजारची संस्था पळवू शकते. पळवू दे. त्याचा पगार वाढायला आजवर दुसरा कुठला मार्ग निघालेला नाही. आणि दिवस निवडताना एक व्यवहार पाळावा: नवे वर्ष ऑगस्टच्या आसपास सुरू होते, अंतिम परीक्षा पावसाळ्यात येते, तेव्हा जानेवारीचा शेवट सोयीचा. तोवर दुसऱ्या वर्षाच्या मुलांचा हात बसलेला असतो, घाटात धुके असले तरी रस्ता कोरडा असतो, आणि शिकाऊ उमेदवार घेणाऱ्या कारखान्यांना पुढच्या भरतीआधी चेहरे बघून ठेवायला चार-सहा महिने मिळतात.