नागपूरची हवाई अंतरे

पृथ्वीच्या गोल पृष्ठावरून दोन स्थळांना जोडणाऱ्या महावृत्ताच्या कंसाची लांबी म्हणजे हवाई अंतर. आणि ह्या हिशेबाने आमच्या सोनेगाव विमानतळापासून मुंबई सुमारे ६८०, दिल्ली ८५०, चेन्नई ९१० व कोलकाता ९८५ किलोमीटर भरते. भुसावळ, इगतपुरी, कसारा असा घाट उतरत जाणाऱ्या लोहमार्गाने हीच मुंबई ८३७ किलोमीटर पडते. (मुंबईकरांस नागपूर त्याहूनही दूर वाटते, त्याला इलाज नाही!)

ह्या चार आकड्यांत फारशी तफावत नाही, आणि म्हणूनच १९४९ च्या जानेवारीत सरकारने रात्रीच्या हवाई टपालाची तजवीज केली, तेव्हा अदलाबदलीचे ठाणे नागपूरच ठरले. चारही महानगरांतून रात्री निघालेली डकोटा विमाने मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगावी एकत्र येत, धावपट्टीलगत टपालाच्या थैल्या ह्या विमानातून त्या विमानात चढत, आणि मद्रासेत संध्याकाळी टाकलेले पत्र, दोन्ही शहरांमध्ये थेट विमान न धाडताही, सकाळी दिल्लीच्या टपालकचेरीत दाखल होई. उतारूंनाही त्या विमानांत जागा मिळे. ही व्यवस्था १९७३ पर्यंत चालली.