तापलेल्या टायरमधली हवा

मे महिन्यात आपण पहाटेच नागपूरहून मोटार काढली आहे. निघताना टायरमध्ये ३० पौंड हवा भरली आणि समृद्धी महामार्गाने शे-सव्वाशे किलोमीटर आलात. वाटेत थांबून काटा लावून पाहता, तर तो दाखवतो ३४.५! बरोबरचे एखादे जाणते गृहस्थ लगेच सांगतात, "अहो, हवा वाढलीय. थोडी सोडा, नाहीतर टायर फुटेल." सल्ला शहाणपणाचा वाटतो खरा, पण तो ऐकू नका.

हवा वाढलेली नाही. सकाळी होती तेवढीच ती आत कोंडलेली आहे. वाढला आहे तो तिचा दाब. हवेचे रेणू सारखे धावत असतात आणि टायरच्या आतल्या बाजूवर आदळत असतात. या अगणित धडकांनाच आपण दाब म्हणतो. हवा तापली की रेणूंचा वेग वाढतो, धडका जोराच्या होतात आणि जास्त वेळा बसतात. टायर फारसा फुगत नाही, हवेला बाहेर वाट नाही. मग दाब वाढायचाच.

किती वाढतो? इथे आमचे विद्यार्थी दरवर्षी फसतात. २७ अंशांचे ५४ झाले म्हणजे दाब दुप्पट, असे खुशाल ठोकून देतात. पण सेल्सिअसचे शून्य हे पाणी गोठण्याचे शून्य आहे, हवेच्या दाबाशी त्याचा संबंध नाही. अठराव्या शतकाच्या आरंभी आमोंताँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने कोंडलेली हवा तापवून पाहिली आणि अशी एक थंडी असली पाहिजे की जिथे हा दाब उरणारच नाही, असा तर्क केला. आज आपण ते शून्य उणे २७३ अंशांवर धरतो आणि मोजणी तिथून करतो.

तेव्हा सकाळचे २७ म्हणजे ३००, आणि रस्त्यावर टायरमधली हवा ५७ अंशांवर गेली तर ३३०. वाढ एक-दशांश. काटा मात्र बाहेरच्या हवेहून जास्त असलेला दाबच दाखवतो. बाहेरचे सुमारे १५ पौंड त्यात मिळवायला हवेत. ३० आणि १५ मिळून ४५. त्याचा एक-दशांश ४.५. बरोबर तेवढाच काटा चढला!

आता त्या गृहस्थांचे ऐकून काटा ३० वर आणला, तर टायर पुन्हा २७ अंशांवर निवल्यावर काटा जेमतेम २६ दाखवील. कमी हवेचा टायर चालताना जास्त दबतो, त्याच्या भिंती सारख्या वाकतात आणि रबर आणखी तापते. म्हणजे फुटू नये म्हणून हवा सोडायची आणि फुटण्याची तयारी आपणच करून ठेवायची! गाडीच्या दाराशी कंपनीने लिहिलेला आकडा थंड टायरचा असतो. म्हणून हवा पाहायची ती निघण्यापूर्वी, गाडी तीन-चार तास उभी असताना.

नायट्रोजन भरला की दाब चढत नाही, असे काही ठिकाणी सांगतात. हा नियम नायट्रोजनलाही चुकलेला नाही. आणि साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

थंडीत नेमके उलटे. दुपारी २७ अंशांवर भरलेले ३० पौंड पहाटे १२ अंशांवर पावणेअठ्ठावीस दिसतात. त्या वेळी पंक्चरवाल्याला उठवू नका. थोडी हवा भरा आणि निघा.