‘पुढं?’ एवढंच विचारायचं

डायलिसिस विभागाच्या दाराबाहेर चपलांची रांग असते आणि भिंतीला लागून एक लांब बाक. आत यंत्र चार तास रक्त गाळत असतं. तेवढेच चार तास पेशंटबरोबर आलेलं माणूस बाहेर बसून काढतं. बहुतेकदा बायको, नाहीतर आई. नवरा बसलेला मला फार कमी वेळा दिसला आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या अशाच एका केंद्रात मी या बाकावरच्या माणसांच्या मुलाखती घेते. आजाराबद्दल मला त्यांना काही विचारायचं नसतं, तो फाइलमध्ये असतोच. आजारी माणसाबरोबर राहणं कसं असतं, हे ऐकायचं असतं.

सुरुवात कागदांनी होते. संमतीपत्र वाचून दाखवायचं, सही येत नसेल तर अंगठा घ्यायचा आणि त्या वेळी अभ्यासाशी संबंध नसलेला एक साक्षीदार हजर ठेवायचा. मग रेकॉर्डर सुरू करून एकच मोठा प्रश्न: “यांचं डायलिसिस सुरू झाल्यापासून तुमचा दिवस कसा जातो, ते सांगा.” त्यानंतर शक्यतो “पुढं?” किंवा “म्हणजे कसं?” एवढंच. ‘का’ विचारायचं नाही. ‘का’ म्हटलं की माणूस घडलेलं सांगायचं सोडून स्वतःची बाजू मांडायला लागतं.

या पद्धतीचं नाव फिनॉमेनॉलॉजी. एडमंड हुसर्ल हा मुळात गणित शिकलेला जर्मन तत्त्वज्ञ. एखादी गोष्ट खरी की खोटी, ती कशामुळे घडते, हे सगळं घटकाभर कंसात टाका आणि ती अनुभवणाऱ्याला कशी दिसते ते आधी पाहा, असा त्याचा आग्रह होता. मुलाखत घेणाऱ्यासाठी याचा अर्थ अगदी व्यवहारी आहे. बाकाकडे जाण्याआधी मी वहीत माझी गृहीतकं लिहून काढते: ही बाई थकलेली असणार, तिला नशिबाचा राग असणार, ती देवाचं नाव काढणार. लिहिली की ती डोक्यातून जातात असं नाही. पण तिच्या तोंडी माझं वाक्य घालायचा मोह झालाच, तर तो मला ओळखू येतो. कंस पूर्ण मिटत नाही, हे याच परंपरेतल्या मर्लो-पाँतीने १९४५ सालीच लिहून ठेवलं आहे. त्यामुळे मी ते फार मनावर घेत नाही.

त्या बाकावरच्या एका बाईंचं सांगते. पन्नाशीच्या आतबाहेरच्या, शेतमजुरी करणाऱ्या. नवऱ्याचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा. त्यांच्याकडून आधी झारिट यांच्या नावाची प्रश्नावली भरून घेतली होती. देखभाल करणाऱ्यावर किती भार पडतो ते मोजणारे २२ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ४ गुण, म्हणजे जास्तीत जास्त ८८. बाईंनी बहुतेक प्रश्नांना ‘कधीच नाही’ म्हणून सांगितलं. “नवराच हाय की माझा, त्यात कसला भार?” तक्त्यात त्यांची जागा सुखी माणसांच्या ओळीत गेली.

मग त्या पाण्याबद्दल बोलायला लागल्या. मूत्रपिंडं बंद पडली की प्यायलेलं पाणी पुढच्या डायलिसिसपर्यंत अंगातच साठतं. वजन एक किलोनं वाढलं तर साधारण एक लिटर पाणी साचलं असं धरतात. म्हणून दिवसाचं पाणी ठरवून दिलेलं असतं. बाई सकाळी एक बाटली भरून ठेवतात. “च्या त्यातनंच, गोळ्यांचं पानी त्यातनंच. दुपारीच सपली की मग सांजपतुर नुसतं माझ्याकडं बगत बसत्यात.” पुढं? “पुढं काय, म्याडम. ते बगत आसले की मला घोट गिळत न्हाई. मी गोठ्यात जाऊन पिते. हंडा तिकडंच ठिवलाय आता.”

सोलापूरचा उन्हाळा ज्याने पाहिला आहे त्याला हंडा गोठ्यात नेण्याचा अर्थ वेगळा सांगायला नको. पण २२ प्रश्नांत त्याला कुठेही जागा नाही. प्रश्नावली चुकीची आहे, असं मी म्हणत नाही. ती हजारो लोकांना तोच प्रश्न त्याच शब्दांत विचारते आणि त्यासाठीच बनवलेली आहे. हंडा कुठे ठेवला आहे, हे मात्र तिला विचारता येत नाही, कारण असा काही हंडा असतो हेच आधी कोणी सांगितलेलं नसतं.

दुसरी गोष्ट रात्रीची. डायलिसिससाठी हातातली रोहिणी आणि नीला शस्त्रक्रियेनं जोडतात, त्याला फिस्टुला म्हणतात. त्या जागी बोट ठेवलं की बारीक थरथर लागते. ती थांबली तर आत गाठ झाली असण्याची शक्यता असते आणि तातडीनं दवाखाना गाठावा लागतो. सिस्टरांनी बाईंना हे तपासायला शिकवलं होतं. “रातच्याला दोन-तीनदा उठून हात लावून बगते. गुनगुनतंय म्हनलं की मग झोप लागती.” नवऱ्याला जाग येते का? “न्हाई. त्येंला म्हाईतच न्हाई.”

मुलाखतीचं खरं काम घरी सुरू होतं. तासाभराचं रेकॉर्डिंग कागदावर उतरवायला माझा आख्खा दिवस जातो, कारण बोललेलं जसंच्या तसं हवं असतं: उसासा, मध्येच वाजलेला फोन, गप्प झालेली जागाही. मग कोलायझी यांनी १९७८ मध्ये मांडलेल्या विश्लेषणाच्या पायऱ्या. सगळं पुन्हा पुन्हा वाचायचं, महत्त्वाची वाक्यं उचलायची, त्यांचे अर्थ लावायचे, ते अर्थ गटांत बसवायचे. यासाठी सॉफ्टवेअर आहेत, पण मी चिठ्ठ्या कापून जमिनीवर मांडते. ‘गुनगुनतंय’ची चिठ्ठी आधी ‘देखभालीची कामं’ या गटात पडली होती, औषधं, पथ्य, भाजी उकळून पाणी फेकणं यांच्या शेजारी. पण ती तिथे बसेना. मॅक्स व्हॅन मॅनेन यांनी अनुभवाकडे पाहायच्या चार दिशा सांगितल्या आहेत: जागा, शरीर, काळ आणि नाती. शरीराच्या बाजूनं पाहिलं तेव्हा ती चिठ्ठी सुटली. नवऱ्याच्या मनगटातल्या थरथरीवर बाईंची झोप चालते. इथे एका शरीराची काळजी दुसरं शरीर घेतंय एवढंच म्हणून भागत नाही. मग गोठ्यातल्या पाण्याची चिठ्ठीही उचलून तिच्याशेजारी आणली. तहान कोणाची आणि घोट कोणाचा अडतो, हे दोन्हीकडे तेच होतं.

डॉक्टर मंडळी हमखास विचारतात, “एवढ्या थोड्या माणसांवरून सिद्ध काय होणार?” ‘किती जणांना’ हे या पद्धतीला विचारायचंच नसतं. पण त्यांच्या शंकेत तथ्यही आहे, कारण या पद्धतीच्या नावाखाली बरंच पोकळ लिहिलं जातं. शोधनिबंध उघडावा तर मानसिक ताण, आर्थिक ताण, सामाजिक ताण आणि श्रद्धेचा आधार, हे चार गट तयारच. ते लिहायला बाकावर बसायची गरज काय होती? मथळ्यातून माणसाचं बोलणं ऐकू आलं नाही तर तो मथळा बदलावा, असं माझं मत आहे.

कोलायझींची शेवटची पायरी म्हणजे लिहिलेलं परत त्या माणसाला नेऊन दाखवणं. जॉर्जी हे याच परंपरेतले, पण त्यांना ती मान्य नव्हती. जगणारा आणि विश्लेषण करणारा यांच्या नजरा वेगळ्या, मग जगणाऱ्याकडून विश्लेषणावर शिक्का कशाला, असं त्यांचं म्हणणं. तात्त्विक बाजूनं ते बरोबर असतीलही. मी तरी वाचून दाखवते.

बाईंनी बाकावर बसून सगळं ऐकलं. हंडा, बाटली, मनगट. “खरं हाय,” म्हणाल्या. मग: “पर गाडीचं कुटं हाय ह्यात?”

गाडीभाडं अभ्यासात होतं. उत्पन्न आणि शिक्षण यांच्याबरोबर, पहिल्या पानावरच्या तक्त्यात. अनुभव म्हणून ते धरलेलं नव्हतं. बाई सांगायला लागल्या. येताना एसटी, आणि २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट, तेवढं ठीक. जाताना मात्र चार तास यंत्रावर पडून उठलेल्या माणसाला गर्दीच्या एसटीत उभं राहवत नाही, म्हणून वडाप, म्हणजे खासगी जीप. वडापला सवलत नाही. “म्होरची सीट पायजे आसती त्येंला, टेकायला. डायवर त्येचं जादा घेतो. त्या दिवशीची मजुरी तर आधीच बुडालेली.” मग थोडं हसून, “आन मी मागं बसते, चौघींत पाचवी. तितनं मला त्येंचा हात दिसत न्हाई.”

रेकॉर्डर बंद होता. मी विचारलं, चालू करू का? “करा की,” म्हणाल्या, “पर आत आजून तासभर हाय. आदी च्या सांगा.”