विरार लोकल, लॅपटॉप आणि आपली मान

पीएचडीला लागल्यावर पहिल्या वर्षात माझी मान धरली. विरारहून चर्चगेटपर्यंत साठेक किलोमीटर, हातात मोबाइलवर पेपर, आणि घरी आल्यावर पलंगावर मांडी घालून लॅपटॉप. तुमचंही असंच चालू असेल तर हे वाचा.

मान वाकवल्याने किती भार येतो? न्यूयॉर्कचे शल्यविशारद केनेथ हंसराज यांचा 2014 चा पेपर यासाठी सर्रास दाखवला जातो. डोकं सरळ असताना भार साधारण 5 किलो, 30 अंश वाकल्यावर 18 आणि 60 अंशांत 27. आकडे डोळ्यांत भरतात. पण पेपर उघडून पाहा: हे संगणकावरच्या मॉडेलचं गणित आहे, कुणाच्या मानेवर मोजलेलं नाही. आणि भार वाढला म्हणजे दुखणं होणारच, हे त्यातून सिद्ध होत नाही.

आता कंबर. स्वीडनच्या आल्फ नाखेमसन यांनी 1960 च्या दशकात मणक्यांमधल्या चकतीत सुई घालून दाब मोजला. उभं राहण्यापेक्षा बसल्यावर दाब जास्त दिसला. 1999 मध्ये जर्मनीत विल्के आणि सहकाऱ्यांनी एका स्वयंसेवकाच्या चकतीत सेन्सर बसवला, तर सैल बसल्यावर दाब उभ्यापेक्षा किंचित कमी आला! मग खरं कोण? विल्के यांच्याकडे माणूस एकच होता, हे विसरू नका. त्यांचा एक निष्कर्ष मात्र आपल्या कामाचा आहे: शरीराची स्थिती सतत बदलत राहा, चकतीच्या पोषणाला ते लागतं.

म्हणजे 'एकच योग्य बैठक' शोधत बसू नका, एकाच बैठकीत अडकू नका. मी काय करते ते सांगते:

1. दर अर्ध्या तासाने उठायचं. पाण्याची बाटली मुद्दाम लहान ठेवा, भरायला उठावंच लागतं.
2. लॅपटॉपखाली जाड पुस्तकं, स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत. वेगळा कीबोर्ड मात्र हवाच, नाहीतर खांदे वर चढतात.
3. पाय लोंबकळत असतील तर खाली पाट.
4. भिंतीला पाठ लावून हनुवटी आत ओढायची, पाच आकडे मोजायचे, सोडायचं. असं दहा वेळा.
5. गाडीत उभं असताना मोबाइल छातीच्या वर धरा. गर्दीत जमत नसेल तर पेपर राहू द्या, ऑडिओ ऐका.

साधनांचं काय? पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी पट्टे, लाकडी ठोकळे, दोर, खुर्च्या योगात आणल्या. आसन जमेपर्यंत शरीराला आधार द्यायचा, हा त्यामागचा विचार. पाठ सरळ ठेवणाऱ्या पट्ट्याकडेही तसंच बघा: तो आठवण करून देईल, पण तुमच्या स्नायूंचा व्यायाम तो करणार नाही. दिवसभर बांधून ठेवू नका.

हाताला मुंग्या येत असतील, पकड कमी झाली असेल, किंवा दुखणं रात्री झोपू देत नसेल तर मात्र ब्लॉग वाचत बसू नका, डॉक्टरांकडे जा. मी दोन महिने अंगावर काढलं, आणि लिहायचं प्रकरण तेवढंच मागे पडलं.

आणि पुढच्या वेळी 27 किलोचं चित्र व्हॉट्सअ‍ॅपवर आलं, तर आधी विचारा: हे मोजलं कुणावर? संशोधनाची सवय तिथूनच लागते. चला, आता उठा आणि एक फेरी मारून या.