शिकागोच्या दोन मेकॅनिकांचे विमान

बाबासाहेब न्यूयॉर्कला शिकले, तेव्हापासून अमेरिकेतील काळ्या बांधवांच्या लढ्याविषयी आपल्या घरांत आपुलकी आहे. त्या लढ्यातील विमानाची गोष्ट मात्र आम्हाला फारशी कुणी सांगितली नाही.

कॉर्नेलियस कॉफी आणि जॉन रॉबिन्सन हे शिकागोचे दोघे मोटार मेकॅनिक. विमानविद्या शिकण्यासाठी त्यांनी कर्टिस-राइट शाळेत टपालाने अर्ज केला, फी भरली. अर्ज मंजूर! प्रत्यक्ष हजर झाले, तेव्हा कातडीचा रंग पाहून नकार मिळाला. इकडे नाशिकला काळाराम मंदिराच्या दारात १९३० साली सत्याग्रह सुरू झाला, त्याच्याच आगेमागे हे घडत होते. कॉफीच्या गॅरेजमालकाने कोर्टाची धमकी दिली, तेव्हा कुठे प्रवेश मिळाला. दोघे १९३१ साली उत्तीर्ण झाले आणि त्याच शाळेने त्यांना काळ्या विद्यार्थ्यांचा वर्ग शिकवायला ठेवले!

या जोडीने स्वतःच्या हातांनी एक विमानही जोडले होते, हीथ पॅरासोल. शिकागोच्याच एड हीथचा हा नमुना. सुटे भाग विकत घ्यायचे आणि घरी जोडायचे. बसायला एकच जागा, इंजिन मोटारसायकलचे. पुढे दोन चाके, शेपूट जमिनीवर टेकलेली.

असे विमान आकाशात बरे, जमिनीवर हट्टी. वजनाचा मध्य चाकांच्या मागे पडतो. म्हणून बैलगाडी उलटी ढकलताना जशी आडवी फिरू बघते, तसे तेही उतरताना गर्रकन फिरते. नाक वर असल्याने समोरचे दिसत नाही, मग नागमोडी चालवावे लागते. थांबेपर्यंत दोन्ही पाय पट्ट्यांवर जागे हवेत. त्यात जागा एकच, म्हणजे चूक सावरायला शेजारी गुरुजी नाहीत.

विमान उतरवायचे तरी कुठे? विमानतळांवर काळ्यांना मज्जाव. मग काळ्या वस्तीच्या रॉबिन्स गावी मंडळींनी स्वतःची धावपट्टी केली. १९३३ साली वादळाने तिथली शेड आणि विमाने मोडली. मंडळी शिकागोजवळच्या हार्लेम विमानतळावर गेली. १९३५ साली रॉबिन्सन इथिओपियाच्या विमानदलाकडे गेला. कॉफी आणि विला ब्राऊन या बाईंनी हार्लेमला शाळा काढली. तिथली काही मुले पुढे टस्कीगीच्या लढाऊ वैमानिकांत दाखल झाली. कॉफी १९९४ पर्यंत जगला.